औपचारिक इंग्रजी, अनौपचारिक इंग्रजी : शिक्षक, पालक आणि मुलांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. आमच्याकडची बरीच मुलं घरी कोंकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीत गेली की सगळे विषय एकदम इंग्रजीतून सुरू होतात. व्याकरण हळूहळू जमतं. अडतं ते दुसरीकडे. मुख्याध्यापकांना लिहिलेला अर्ज हुकमासारखा वाटतो, आणि मैत्रिणीला लिहिलेलं पत्र सरकारी परिपत्रकासारखं. सहशिक्षकांनी, पालकांनी आणि मुलांनी याबद्दल मला जे जे विचारलं ते इथे एकत्र केलं आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं वाचा. वाक्याचा सूर डोळ्यांच्या आधी कानाला कळतो.

औपचारिक आणि अनौपचारिक म्हणजे नेमकं काय?

मुलांना मी व्याख्या देत नाही, तीन प्रश्न देते : कोणाला? कशाबद्दल? कशावर? म्हणजे वाचणारा आपला कोण लागतो, विषय काय आहे, आणि आपण तोंडानं बोलतोय, फोनवर टाइप करतोय की कागदावर सही करून देतोय. मायकल हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञानं विषय, नातं आणि माध्यम असे तीन धागे सांगितले होते. माझे प्रश्न त्यावरूनच बेतलेले आहेत.

यात दोनच कप्पे असतात असं मात्र मुलांना वाटू देऊ नका. मार्टिन जूस या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं पाच पायऱ्या मांडल्या. सगळ्यात वर गोठलेली भाषा, जिच्यातला एक शब्दही आपण हलवत नाही : शपथ, प्रार्थना, मंगलाष्टकं. तिच्याखाली औपचारिक. मग मधली, अनोळखी पण सौजन्याची, डॉक्टरशी किंवा बँकेतल्या माणसाशी आपण बोलतो ती. मग मित्रांची. आणि तळाशी घरातल्यांची, जिथे अर्ध्या वाक्यात काम भागतं. जन्मभर सर्वांत जास्त लागते ती मधली पायरी. आपण वर्गात अर्ज शिकवतो, मित्राला पत्र शिकवतो, आणि ही मधली पायरी ओलांडून पुढे जातो.

मराठीत मुलं बरोबर बोलतात. मग इंग्रजीतच का चुकतात?

मराठीत आदर क्रियापदाच्या टोकाला बसलेला असतो आणि इंग्रजीत त्या टोकाला काहीच नसतं, म्हणून. तिसरीतलं पोरही 'टीचर, वही द्या' आणि 'ए, वही दे' यांत गल्लत करत नाही. 'दे'चं 'द्या' केलं की झालं. इंग्रजीत 'गिव्ह' ते 'गिव्ह'च राहतं. मुलाच्या मनात आदर असतो, तो ठेवायला ओळखीची जागा सापडत नाही.

त्यात 'यू'नं आणखी घोळ घातला आहे. 'यू म्हणजे तू' हे पहिलीतच पाठ होतं, आणि नाद जुळतो म्हणून पक्कं बसतं. इतिहास नेमका उलटा आहे. इंग्रजीत एकेकाळी जवळच्या एकट्या माणसाला 'दाउ' म्हणत, आणि अनेकांना किंवा मानाच्या माणसाला 'यू'. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोजच्या बोलण्यातून 'दाउ' जवळजवळ गेलं. प्रार्थनांत आणि काही बोलींत तेवढं टिकलं. म्हणजे आज जे उरलंय ते 'तुम्ही' आहे. इंग्रजी बोलणारा माणूस तान्ह्या लेकरालाही 'तुम्ही'च म्हणतो. सगळ्यांना एकच सर्वनाम वापरायचं म्हटल्यावर मान दाखवण्याचं काम वाक्याच्या बांधणीवर येऊन पडलं.

ही बांधणी दाखवायला मी फळ्यावर दोन शिड्या काढते. एका बाजूला मराठी : 'वही दे.' 'वही द्या.' 'वही देता का?' 'वही द्याल का?' 'वही मिळू शकेल का?' 'वही मिळावी ही विनंती.' दुसऱ्या बाजूला इंग्रजी : 'गिव्ह मी द नोटबुक.' 'कॅन आय हॅव द नोटबुक?' 'कुड आय हॅव द नोटबुक, प्लीज?' 'वुड इट बी पॉसिबल टु हॅव द नोटबुक?' 'आय वुड बी ग्रेटफुल इफ आय कुड हॅव द नोटबुक.' मग मुलांनाच विचारते, वर चढताना काय काय बदललं? दहा मिनिटांत उत्तर येतं : आज्ञेचा प्रश्न झाला, प्रश्नाची शक्यता झाली, आणि शेवटी मागणारा स्वतः बाजूला सरला. दोन्ही शिड्या तशाच चढतात. फरक एवढाच की मराठीत 'दे'वरून 'द्या'वर जायची एक पायरी फुकट मिळते, इंग्रजीत ती नाही. तिथे मुलाला सरळ प्रश्नाच्या पायरीवर उडी मारावी लागते. हे एकदा त्याच्या लक्षात आलं की पुढचं सगळं शिकवणं सोपं होतं, असा माझा अनुभव आहे.

'प्लीज' लावलं की पुरे ना?

नाही. 'प्लीज सेंड माय सर्टिफिकेट' ही आज्ञाच आहे. 'कृपया रांगेत उभे राहा' ही पाटी वाचून आपल्याला कोणी विनवणी करतंय असं वाटत नाही, तसंच हे. 'प्लीज' ठेवा, पण आधी वाक्याचा प्रश्न करा : 'कुड यू प्लीज सेंड माय सर्टिफिकेट?'

'आय वॉन्टेड टु आस्क' असं का म्हणतात? विचारायचं तर आत्ताच आहे, मग भूतकाळ कशाला?

हा प्रश्न नववीतल्या एका मुलीनं विचारला होता आणि मला तो फार आवडला, कारण त्याचं उत्तर तिच्या स्वतःच्या तोंडात होतं. मी तिला म्हटलं, दुकानात गेल्यावर तू काय म्हणतेस? 'काका, एक किलो साखर हवी होती.' हवी होती? आता नको आहे का? वर्ग हसला, आणि मग शांत झाला.

मराठीत आपण हे सतत करतो. 'सर, थोडं बोलायचं होतं.' 'बाई, उद्याची रजा हवी होती.' कोंकणीतही तेच : 'मातशें उलोवपाचें आशिल्लें.' मागणी भूतकाळात ढकलली की ती समोरच्याच्या अंगावर येत नाही. नाही म्हणायला त्याला जागा राहते. इंग्रजीतलं 'आय वॉन्टेड टु आस्क', 'आय वॉज वंडरिंग इफ', 'आय वॉज होपिंग टु' हे सगळं याच जातीचं. 'कॅन'चं 'कुड' आणि 'विल'चं 'वुड' होतं तेही तसंच. रूपानं ती भूतकाळाचीच आहेत. व्याकरणाच्या तासाला 'कुड म्हणजे कॅनचा भूतकाळ' एवढंच सांगून आपण थांबतो, आणि मुलांना वाटतं 'कुड यू हेल्प मी' म्हणजे 'तुम्ही मला मदत करू शकत होता का'. साखरेचं उदाहरण दिलं की ही गाठ सुटते. गृहपाठ म्हणून मी मुलांना बाजारात, बसमध्ये, देवळात कान उघडे ठेवून असली 'होतं'ची वाक्यं गोळा करायला सांगते. दुसऱ्या दिवशी वहीत ढीग लागलेला असतो.

अनौपचारिक बोलणं म्हणजे उद्धटपणा नाही का?

आपण आईला 'तू' म्हणतो. बऱ्याच घरांत वडिलांना 'तुम्ही' आणि आईला 'तू'. आईचा मान कमी म्हणून का? जवळीक आहे म्हणून. जिवलग मित्राला 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड अटेंड माय बर्थडे' असं लिहिलं तर त्याला वाटेल आपण रागावलोय. तिथे 'यू आर कमिंग, राइट?' हेच शोभतं.

मोठे, अवघड शब्द वापरले की इंग्रजी औपचारिक होतं का?

पालक हे फार विचारतात, आणि शिकवणीच्या वर्गांतून मुलं हाच समज घेऊन येतात. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्यानंतर बराच काळ दरबार आणि कोर्टकचेऱ्या यांत फ्रेंच चाले, चर्चमध्ये आणि विद्येत लॅटिन, आणि शेतावर, चुलीपाशी जुनी इंग्रजी. हे तिन्ही थर पुढे एकाच भाषेत मुरले. म्हणून इंग्रजीत एका कामाला दोन-दोन शब्द सापडतात : 'आस्क' आणि 'इन्क्वायर', 'बाय' आणि 'पर्चेस', 'हेल्प' आणि 'असिस्ट', 'बिगिन' आणि 'कमेन्स', 'गेट' आणि 'ऑब्टेन'. पहिला चुलीजवळचा, दुसरा कचेरीतला. आपल्याकडेही असे थर आहेतच. फारसी-अरबीतून आलेले 'हजर', 'तारीख', 'सही', 'मदत' आपण बोलतो, आणि छापील कागदावर त्यांचे 'उपस्थित', 'दिनांक', 'स्वाक्षरी', 'साहाय्य' होतात. मुलांना या जोड्या दिल्या की इंग्रजी जोड्या आपोआप लागतात.

पण हा नियम धरून चालता येत नाही. 'यूज', 'पीपल', 'व्हेरी', 'प्लीज' हे शब्दही फ्रेंचमधूनच आले, आणि आज त्यांच्याइतके साधे शब्द शोधून सापडणार नाहीत. शब्द कुठून आला यावर त्याचा मान ठरत नाही, तो कुठे वापरला जातो यावर ठरतो. याचं आमच्या गोव्यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे 'उदक'. मराठीत 'उदक' पूजेच्या ताम्हनात असतं. एरवी एखाद्या गोष्टीवर 'उदक सोडलं' म्हणताना तेवढं ऐकू येतं. पाहुण्याला कोणी 'उदक घेणार का' असं विचारत नाही. आणि आमच्याच घरात, कोंकणीत, तहान लागलेलं पोर 'आई, उदक दी' म्हणत स्वयंपाकघरात येतं. शब्द तोच, एका भाषेत सोवळ्यातला, दुसऱ्या भाषेत रोजच्या पेल्यातला. आमच्या मुलांना हा फरक अंगवळणी पडलेला असतो. त्याकडे बोट दाखवायचं काम शिक्षकाचं.

आणि नुसतं जड म्हणजे चांगलं हा समज मोडायलाच हवा. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, आला आणि त्याच्याकडून पाव घेतले, तर 'आय बॉट पाव फ्रॉम द पदेर'. तिथे 'पर्चेस्ड' लिहिणाऱ्या मुलाला मी विचारते, पावती घेतलीस का? खुद्द इंग्रजी देशांतही आता कचेरीची भाषा साधी करण्याकडे कल आहे. अमेरिकेत सरकारी खात्यांनी नागरिकांना समजेल असं लिहावं यासाठी 2010 साली कायदाच झाला. चांगला औपचारिक मजकूर नेमका, सभ्य आणि पुरा असतो. त्यात एकही अवघड शब्द नसला तरी चालतं.

'पुट ऑफ', 'फाइंड आउट' अशी जोडक्रियापदं अर्जात चालतात का?

बरीचशी बोलण्यातली आहेत आणि त्यांना कागदावरचा जोडीदार असतो : 'पुट ऑफ'ला 'पोस्टपोन', 'फाइंड आउट'ला 'डिस्कव्हर', 'सेट अप'ला 'एस्टॅब्लिश', 'टर्न डाउन'ला 'रिजेक्ट'. मराठीत सभा 'पुढे ढकलली' असं आपण बोलतो, इतिवृत्तात ती 'तहकूब' होते, तसंच. मात्र 'लुक इन्टु द मॅटर' अर्जातही छान बसतं, तेव्हा सरसकट बंदी घालू नका.

आमच्या मुलांची गोष्ट इथे इंग्रज मुलांच्या उलट आहे. त्यांना 'पुट ऑफ' घरात मिळतं आणि 'पोस्टपोन' शाळेत शिकावं लागतं. आमच्या मुलांनी इंग्रजी पुस्तकातून उचलली, म्हणून त्यांना 'पोस्टपोन' आधी येतं आणि मित्राशी बोलतानाही तेच तोंडी येतं. त्यांना बोलण्यातले शब्द जास्त शिकवावे लागतात.

सरांना 'डिअर' कसं लिहायचं? मुलांना संकोच वाटतो.

संकोच अगदी खरा आहे, त्यावर हसू नये. मुलांना 'मायना' ही कल्पना सांगा. आजोबांच्या काळच्या पत्रांत 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.' असायचं, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. लिहिणारा खरोखर जमिनीवर डोकं टेकवून लिहीत नसे. तो ठरलेला मायना होता. इंग्रजी पत्रातलं 'डिअर' तसंच. त्यातली माया केव्हाच विरली आहे. ब्रिटिश पद्धतीत 'डिअर सर' अशी सुरुवात केली तर शेवटी 'युअर्स फेथफुली', आणि आडनाव घेऊन सुरुवात केली तर 'युअर्स सिन्सिअरली'.

'रिस्पेक्टेड सर' आपल्याकडे सर्रास चालतं आणि शाळेतल्या अर्जात मी ते खोडत नाही. परदेशी विद्यापीठाला किंवा कंपनीला लिहिताना मात्र 'डिअर'च लिहायला सांगते.

'काइंडली डू द नीडफुल' हे चूक आहे का?

चूक नाही, जुनं आहे. ब्रिटिश अंमलातल्या कचेऱ्यांत ही भाषा घडली आणि भारतात टिकून राहिली. इंग्लंडमध्ये ती आता शिळी वाटते. गोव्यात 1961 पर्यंत कारभार पोर्तुगीजमधून चाले. मुक्तीनंतर इंग्रजी आली ती देशात इतरत्र रुळलेल्या या तयार वाक्यांसकट, आणि एका अर्जावरून दुसऱ्या अर्जावर ती उतरत राहिली. 'आय बेग टु स्टेट', 'युअर ओबीडिअंट स्टुडंट', 'प्लीज रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट' ही त्याच घराण्यातली. 'रिव्हर्ट'बद्दल मात्र जपा. आपण ते 'उत्तर द्या' या अर्थानं वापरतो; भारताबाहेरच्या अनेकांना त्याचा अर्थ 'पूर्वस्थितीला जा' असाच माहीत असतो.

माझी खरी हरकत वेगळीच आहे. 'डू द नीडफुल' लिहिलं की काय करायला हवं ते लिहायचं राहून जातं. वाड्यावरचा, म्हणजे वस्तीतला, रस्त्याचा दिवा तीन आठवडे बंद आहे आणि मुलानं पंचायतीला पत्र लिहिलंय. दिवा कुठल्या खांबावरचा, कधीपासून बंद, कोणाला त्रास होतो, आणि पंचायतीनं काय करावं, यातलं काहीच पत्रात नसतं. शेवटी 'नीडफुल' तेवढं असतं. मी त्या एका शब्दाभोवती गोल करते आणि विचारते, म्हणजे काय? मग दोन ओळी येतात, आणि पत्र खरं पत्र होतं.

'डोन्ट', 'कान्ट', 'आय ॲम'चं आखूड रूप कुठे वापरायचं?

अर्जात, अहवालात, निबंधात पूर्ण रूप. बोलताना, मेसेजमध्ये, मित्राच्या पत्रात आखूड. बोलताना प्रत्येक वेळी 'आय डू नॉट' म्हटलं तर माणूस चिडलाय असं वाटतं.

औपचारिक लिहायचं म्हणजे सगळं कर्मणी प्रयोगात का?

'सर्व पालकांना कळविण्यात येते की' हे वाक्य आपण शाळेच्या सूचनेत वाचत आलो. कोण कळवतंय ते त्यात नाही, कारण तिथे संस्था बोलते. सूचनेला, अहवालाला, प्रयोगवहीला हा सूर शोभतो : 'द वॉटर वॉज हीटेड'. पण आपली चूक कबूल करताना 'द बुक वॉज लॉस्ट' लिहिणारं मूल जबाबदारी झटकतंय असं वाचणाऱ्याला वाटतं. तिथे 'आय लॉस्ट द बुक, अँड आय अपॉलजाइझ'.

वर्गात हे प्रत्यक्ष कसं शिकवता?

एकच मजकूर, तीन वाचक. वर्षभर मी याच एका खेळाकडे पुन्हा पुन्हा येते.

ऑगस्टच्या सुमारास चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, वेध लागतात. आमच्या कित्येक मुलांचं मूळ घर दुसऱ्या तालुक्यात असतं, तिकडे सगळं गोत गोळा होतं, आणि शाळेच्या सुट्टीला जोडून एक-दोन दिवस जास्त हवे असतात. तेव्हा प्रसंग असा देते : तुम्ही चवथीला काणकोणला निघालात, त्यामुळे शनिवारचा सामना आणि सोमवारची चाचणी चुकणार आहे. आता तीन जणांना कळवा. पहिला, संघातला मित्र, फोनवर. दुसऱ्या, वर्गशिक्षिका, समोरासमोर बोलून. तिसरे, मुख्याध्यापक, कागदावर.

आधी मी मुलांना हे मराठीत किंवा कोंकणीत करून दाखवायला सांगते. बाकावरून उठून, खरोखर बोलून. तिथे एकही मूल अडखळत नाही. मित्राला 'ए, माझं जमायचं नाय रे', टीचरना 'टीचर, एक सांगायचं होतं', आणि अर्जात 'दोन दिवसांची रजा मंजूर करावी ही विनंती'. मग म्हणते, आता हाच सूर इंग्रजीत आणा. मित्राला : 'ऑफ टु काणकोण फॉर चवथ. कान्ट मेक इट टु द मॅच. सॉरी!' टीचरना : 'टीचर, आय वॉन्टेड टु टेल यू समथिंग. वी आर गोइंग टु काणकोण फॉर चवथ, सो आय विल मिस मंडेज टेस्ट. कुड आय टेक इट लेटर?' मुख्याध्यापकांना : 'आय वुड लाइक टु रिक्वेस्ट टू डेज लीव्ह, ॲज माय फॅमिली विल बी ट्रॅव्हलिंग टु अवर ॲन्सेस्ट्रल होम फॉर गणेश चतुर्थी.'

लिहून झालं की कागद आपसांत बदलतात. ज्याच्या हाती जो कागद येईल त्यानं वाचून फक्त ओळखायचं : हा कोणासाठी? मित्राला गेलेला मजकूर जर मुख्याध्यापकांसाठी वाटला, तर कुठल्या शब्दामुळे तसं वाटलं त्याखाली रेघ मारायची. चूक शिक्षकानं काढण्यापेक्षा वाचणाऱ्यानं काढली की ती मनाला लागते. आणि कारण सांगावं लागतं म्हणून रेघ मारणाराही शिकतो. एका वर्गात दोन मुलांचा 'होप यू आर फाइन' या ओळीवरून पूर्ण तासभर वाद झाला, मुख्याध्यापकांना हे लिहावं की नाही. मी मध्ये पडले नाही. तसल्या वादात मुलं जे शिकतात ते मला तक्ता काढून शिकवता आलं नसतं. दोन रकान्यांचे तक्ते मी पूर्वी खूप पाठ करून घेतले. मुलं ते घडाघडा म्हणत आणि पत्रात पुन्हा 'आय वॉन्ट लीव्ह' लिहीत.

तपासताना गुण कसे द्यायचे?

व्याकरणाची चूक आणि सुराची चूक वेगवेगळ्या खुणांनी दाखवा. सुराच्या चुकीपाशी मी समासात 'कोणाला?' एवढंच लिहिते. बरोबर उत्तर लिहून देत नाही. 'गिव्ह मी परमिशन' यात व्याकरण शाबूत आहे. त्यावर लाल फुली मारली तर मुलाला कळतच नाही की बिघडलं काय.

व्हॉट्सॲपमुळे मुलांचं इंग्रजी बिघडतं का?

मला तसं वाटत नाही. मित्राला आखूड लिहिणं हा त्या माध्यमाचा रीतसर वापर आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा तीच एक रीत सगळीकडे जाते. आता शिक्षकही त्याच फोनवर असतात, म्हणून 'कशावर?' या प्रश्नापेक्षा 'कोणाला?' हा आधी विचारायला शिकवा. शिक्षकांना मेसेज करताना नाव सांगणं, इयत्ता सांगणं, एक पूर्ण वाक्य आणि शेवटी आभार. एवढं पुरतं.

मुलाला हॉटेलात नोकरी करायची आहे. त्याला कुठलं इंग्रजी लागेल?

तीच मधली पायरी, आणि ती गोव्यात भाकरी मिळवून देते, तेव्हा गांभीर्यानं शिकवा. 'यू वॉन्ट टी?' ऐवजी 'वुड यू लाइक सम टी?' 'नो रूम' ऐवजी 'आय ॲम अफ्रेड वी आर फुली बुक्ड टुनाइट'. इथे 'अफ्रेड'मध्ये भीती नाही. आपण 'माफ करा, पण' म्हणतो ते हे. 'व्हॉट इज युअर गुड नेम' हे आपल्या 'शुभनावा'चं भाषांतर आहे, परदेशी पाहुणा गोंधळतो. 'मे आय हॅव युअर नेम, प्लीज?' म्हणावं.

एक खाच हमखास सांगा. पाहुण्यानं 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' विचारलं की आमची मुलं हौसेनं 'येस' म्हणतात. त्याचा अर्थ होतो 'हो, माझी हरकत आहे'. तिथे 'नॉट ॲट ऑल' म्हणायचं आणि खिडकी उघडायची.

आमची मुलं वाक्याच्या शेवटी 'मॅन' आणि 'नो' लावतात. ते बंद करावं का?

'कम, नो!' यातला 'नो' आपल्या 'ये ना'मधला 'ना' आहे. आणि 'व्हॉट मॅन' गोव्याच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. ती इथली घरगुती इंग्रजी आहे, मैदानावर ती खुशाल बोलावी. मुलाखतीच्या खोलीत ती दाराबाहेर ठेवायची, जशी आपण तिथे मालवणी किंवा अंत्रुजी बोली ठेवतो. मुलांना तिची लाज वाटेल असं मात्र काही बोलू नका.

कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करावी?

पाचवीपासून, तोंडी. 'गिव्ह' आणि 'कुड आय हॅव' एवढा एकच फरक वर्षभर घोटला तरी चालेल. अर्जाचा साचा आठवीत.

शब्द औपचारिक आहे की नाही हे कुठे बघायचं?

ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मोठ्या कोशांत शब्दापुढे 'फॉर्मल' किंवा 'इन्फॉर्मल' अशी खूण असते. लहान इंग्रजी-मराठी कोशात 'गेट' आणि 'ऑब्टेन' दोन्हींपुढे बहुधा 'मिळवणे' एवढंच सापडतं. म्हणून आठवीनंतर मुलांच्या हाती इंग्रजी-इंग्रजी कोश द्या आणि अर्थाच्या आधी खूण वाचायची सवय लावा.

मुलं चॅटबॉटकडून अर्ज लिहून आणतात. काय करावं?

मागवू दे, पण तो खाली उतरवायला लावा. यंत्राला नुसतं 'फॉर्मल कर' सांगितलं की ते पुष्कळदा दोन दिवसांच्या रजेसाठी तीन परिच्छेद कृतज्ञता व्यक्त करतं. मुलानं तो मजकूर पाच ओळींवर आणायचा आणि काय, का काढलं ते सांगायचं. हा सराव मला हातानं लिहिण्याइतकाच मोलाचा वाटतो.

आम्हा पालकांना इंग्रजी येत नाही. घरी काय करून घेणार?

तुमच्याजवळ जे आहे तेच हवं आहे. मुलाला त्याचं इंग्रजी पत्र तुम्हाला मराठीत किंवा कोंकणीत सांगायला लावा, शब्दाला शब्द. 'मला रजा पाहिजे' असं त्यानं सांगितलं तर तुम्ही सहज म्हणाल, 'अरे, हेडसरांना असं सांगतात का?' झालं. चूक तुम्ही पकडलीत, दुरुस्ती तो करेल.

घरात खरा अर्ज करायची वेळ आली की मुलाला जवळ बसवा. वीज खात्याला, साबांखाला (सार्वजनिक बांधकाम खात्याला), पंचायतीला, मामलेदार कचेरीत. तो मराठीत लिहिला तरी हरकत नाही. 1987 च्या गोवा राजभाषा कायद्यानं कोंकणी राजभाषा झाली, आणि सरकारी कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही त्यात तरतूद आहे. 'महोदय' कुठे घालायचं, 'विनंती' कुठे येते, 'आपला विश्वासू' कशाला, हे त्याला सांगत सांगत लिहा. तुमची सही झाली की त्या कागदाची एक प्रत त्याच्या वहीत चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाठवा. शेजारच्या पानावर तोच अर्ज आम्ही इंग्रजीत लिहू.